लोकाचा फाळ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते विचारून मला सतावू नका, कुसुरवाडीत धुरपा नावाची एक लोहारीण होती. ज्याला विचारावं तो म्हणतो, माझ्या पणज्यानं तिला पाहिलं होतं. आता गावातल्या सगळ्यांच्याच पणज्यांनी तिला पाहिलं असेल, तर बाई दोनेकशे वर्षं तरी जगली असली पाहिजे. असं म्हणतात म्हणून सांगतो. म्हणणाऱ्यांचं तोंड काही मला धरता येत नाही.

कुसुरवाडी डोंगराच्या पोटात आणि तिची सगळी चांगली जमीन डोंगराच्या माथ्यावर, माळाला. मध्ये छाती फुटेल असा चढ. मोकळे बैल चढतात आणि उतरतात, पण लाकडी नांगर खांद्यावर घेऊन रोज चढायचं उतरायचं कुणी? म्हणून गावाची जुनी रीत अशी, की संध्याकाळी बैल सोडायचे, नांगर, कुळव, जू, पहार जे काय असेल ते माळावरच्या म्हसोबाच्या लिंबाखाली टाकायचं, म्हसोबाला हात जोडायचे आणि मोकळ्या हातांनी घरी यायचं. माळावर वस्ती नाही, दिवा नाही, हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. राखणीला एकटा म्हसोबा. त्यानं ही राखण कधी पत्करली होती असं मात्र कुठे ऐकिवात नाही.

मग एका वर्षी चोऱ्या सुरू झाल्या. आधी एक फाळ गेला. फाळ म्हणजे नांगराच्या टोकाला बसवतात ते लोखंडी पातं. ते नसलं तर नांगर म्हणजे नुसतं वाकडं लाकूड. मग फाळासकट नांगर गेला. मग पहारी गेल्या, कुळव गेला, एकदा तर नुसतं जू गेलं. गाव रोज सकाळी माळावर चढायचं आणि कपाळाला हात लावून खाली यायचं.

एका सकाळी लोक वर गेले तर म्हसोबापुढे नारळ फोडलेला आणि देवाच्या अंगावर ताजा शेंदूर. लोकांना कोण आनंद झाला. देव जागा झाला, आता चोरांची खैर नाही, असं म्हणत त्यांनी तो नारळ वाटून खाल्ला. खाऊन, हात पुसून झाल्यावर कुणीतरी लिंबाखाली पाहिलं, तर तिथे एकही नांगर नव्हता. चोरांनी जाताना देवाचं देणं फेडलं होतं, आणि ज्यांची चोरी झाली त्यांनी चोरांचा प्रसाद खाल्ला होता. अशा गावाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मग उपाय सुरू झाले. राखणीला एक गडी बसवला. सकाळी गडी होता, त्याच्या अंगावरचं घोंगडं नव्हतं. पुढे लोकांनी आपापली अवजारं कडब्याच्या गंजीत आणि ओढ्याच्या करवंदीत लपवली. ती मालकांना सापडेनात, चोरांना मात्र बरोबर सापडली.

या सगळ्याचा भार येऊन पडायचा तो धुरपावर. तिचा नवरा नाथा लोहार तरणाताठा असतानाच गेला होता. आता दुसरा लोहार आणावा लागणार असं गावानं गृहीत धरलं होतं, तर सुतक फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी हिनं भट्टी पेटवली. ज्याचं काम असेल त्यानं भाता ओढायचा आणि घण धुरपानं मारायचा. तो घण म्हणे दोन गड्यांना मिळून उचलायचा नाही आणि ती तो एका हातानं, दुसऱ्या हातात सांडशी धरून चालवायची. असं म्हणतात. तिनं पाजवलेला फाळ खडकातून लोण्यातून जावा तसा जायचा, असंही म्हणतात.

पण लोहाराची कमाई कशी असते ते लक्षात घ्या. त्याला सुगीला गावाकडून धान्याचं बलुतं मिळायचं, वर्षातून एकदा. तुम्ही वर्षात एक फाळ घडवा नाहीतर ढीगभर घडवा, बलुतं तेवढंच. म्हणजे माळावर फाळ चोरीला गेला की मालक नवं लोखंड घेऊन भट्टीवर हजर, आणि धुरपाला तेच काम फुकटात पुन्हा. तिचे खांदे सुजायचे. रात्री कूस बदलता यायची नाही. आणि सकाळी दारात पुन्हा कुणीतरी लोखंडाचा तुकडा घेऊन ओशाळं हसत उभा.

"आलास? ये," ती म्हणायची. "परवाचा फाळ कुठं गेला?"

"गेला की."

"त्याला काय पाय फुटलं?"

"म्हसोबाच्या भरवशावर ठिवला व्हता, धुरपाक्का."

"मंग भाता वढाया म्हसोबालाच पाठवायचा."

तिनं साधा उपाय सांगून पाहिला. नांगर राहू द्या वर, म्हणाली, लाकूड कोण नेतंय. येताना फाळ तेवढा काढून घरी आणा, तो काही जड नाही. सगळ्यांना पटलं. मान डोलावण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. आणि संध्याकाळ झाली की प्रत्येक जण आपल्या नांगराकडे बघायचा आणि म्हणायचा, उद्या सकाळी परत यायचंच हाय की. या एका वाक्यानं कुसुरवाडीचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुष्काळानंही केलं नसेल.

श्रावणात पावसानं उघडीप दिली, जमिनीला वाफसा, म्हणजे नांगरण्याजोगा ओलावा, आला, माळ नांगरायची घाई उडाली, आणि नेमके तेव्हाच गावाचे पुष्कळ फाळ पुन्हा गेले. मग गाव चावडीपुढे जमलं. गावाचा पाटील होता हैबती. माणूस वाईट नव्हता, पण कुणाला तरी दोष दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"चोरीचं लोखंड जातंय कुठं?" हैबती पाटील म्हणाला. "लोखंड काय कुणी खात न्हाई. ते वितळतंय भट्टीत. आन् पंचक्रोशीत भट्टी हाय कुणाची?"

सगळ्यांच्या माना धुरपाकडे वळल्या. बलुत्याची रीत लहान पोरालाही ठाऊक होती. चोरीनं हिचा दमडीचा फायदा नाही, उलट दुप्पट राबणं आहे, हे त्या प्रत्येकाला कळत होतं. पण आळ घ्यायला फायदातोटा कोण बघतो?

"खंडेनवमीला हत्यारं पुजायच्या आत चोर गावला तर गावला," पाटलानं निकाल दिला. "न्हाईतर लोहारणी, तू ऐरण उपटायची आन् गाव सोडायचं."

धुरपाला कुठे माहेर नव्हतं, लेकरू नव्हतं. नाथानं लग्नाच्या साली जमिनीत रोवलेली ती ऐरण हाच तिचा संसार. आणि चोरीच्या आळानं एका गावातून उठलेल्या लोहाराला दुसरं गाव वेशीच्या आत घेत नाही. भाकरी गेली असती तर तिनं ती कुठूनही मिळवली असती. जाणार होतं ते नाव, आणि ते भट्टीत घालून पुन्हा घडवता येत नाही.

ती रडली नाही. तिला इतका संताप आला होता की डोळ्यांतलं पाणी आतल्या आत आटून गेलं, असं म्हणतात. "मला घालवायचं तर खंडेनवमीला घालवा," ती म्हणाली. "तवर माझ्या भट्टीवर माझा हुकूम चालंल." आणि उठून चालती झाली.

घरी जाताना वाटेत तिला गेनबा भेटला. हा गेनबा आणि त्याचा थोरला भाऊ तात्याबा यांचं बांधावरून वाजलेलं होतं आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. गेनबा माळावरून येत होता आणि त्याच्या काखेत एक भलीमोठी पहार होती. घामानं डबडबला होता, पण पहार काही खाली टेकवत नव्हता.

"ही कुठनं आणली?" धुरपानं विचारलं.

"मागून आणलीया, धुरपाक्का. लोकाची हाय. वर ठिवली आन् गेली तर उद्या तोंड कुठं दावू?"

"आन् तुझा नांगर?"

"हाय की वर."

"फाळ?"

"नांगरालाच हाय. त्यो माझाच हाय की."

धुरपानं रस्त्यातच कपाळावर हात मारून घेतला. तो हात इतक्या जोरात बसला की माळावरची पाखरं उडाली, असं म्हणतात. या गावातला माणूस स्वतःची वस्तू उघड्यावर टाकून घोरत झोपेल, आणि दुसऱ्याची वस्तू उराशी धरून डोंगर उतरेल. चोराला तो भीत नाही. सकाळी दारात येऊन बोंब मारणाऱ्या शेजाऱ्याला भितो. इतके दिवस ती या लोकांना स्वतःचं राखा, स्वतःचं राखा म्हणून सांगत होती, आणि तिथेच सगळं चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीपुढे नव्या फाळांसाठी रांग लागली. धुरपा भट्टी न पेटवता ऐरणीवर बसून राहिली.

"आजपासून स्वतःचा फाळ कुणी राखायचा न्हाई," ती म्हणाली. "तुज्या नांगराचा फाळ संध्याकाळी दुसऱ्यानं काढून घरी न्यायचा. त्याच्या नांगराचा तू न्यायचा. उजाडायच्या आत ज्याचा त्याला द्यायचा. ज्याला जमंल त्यानंच भाता वढायला बसावं."

लोकांना ते बरं वाटलं. प्रत्येकानं लगेच आपापला मेव्हणा, साडू, मित्र गाठला. धुरपानं पुन्हा कपाळाला हात लावला.

"सोयऱ्याला द्याल तर सोयरा इसरंल आन् तुमीबी म्हणाल, जाऊ दे. वैऱ्याला द्या. ज्याचं तोंड बघवत न्हाई त्याच्या हातात द्या."

आणि तिनं स्वतः जोड्या लावल्या. कुणाचं बांधावरून वाकडं, कुणाचं सोयरीक मोडल्यावरून वाकडं, कुणाची कोंबडी कुणाच्या कुत्र्यानं खाल्लेली, सगळं तिला ठाऊक होतं. भाता ओढताना माणसं काय काय बोलतात. गेनबाचा फाळ तात्याबाकडे गेला, तात्याबाचा गेनबाकडे. दोघं भाऊ इतकी तोंडं पाडून बसले की जणू विष प्यायला दिलंय. पण जमिनीचा वाफसा चालला होता, फाळ हवे होते आणि भट्टी एकच होती.

शेवटी राहिला हैबती पाटील. पाटलाच्या बरोबरीला गावात कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"पाटील, तुमचा फाळ माज्याकडं," धुरपा म्हणाली. "तुमचं वाकडं माज्याशीच हाय. आन् माजा घण तुमी न्यायचा रोज."

पाटलाला फाळ द्यायला हरकत नव्हती. हिच्याकडून तो हरवला की चोर आपोआप सिद्ध होईल, असं त्याच्या मनात होतं. पण घणाचं नाव काढताच तो दोन पावलं मागे सरला. "चोरणीचा घण माज्या घरात नको," तो म्हणाला, सगळ्यांदेखत. धुरपानं त्याचा फाळ घेतला आणि भट्टी पेटवली.

रीत सुरू झाली आणि गावात एकच धुमाकूळ माजला. फाळ विसरून चालेना, कारण उजाडायला वैरी दारात. उशीर झाला की तो गल्ली गोळा करून बोलणार. गेनबा भावाचा फाळ उशाशी घेऊन झोपायचा आणि झोपेत दचकून तो चाचपायचा. तात्याबानं तर धाकट्या भावाच्या फाळाला तेल लावून ठेवायला सुरुवात केली, कुणी बोट दाखवायला नको म्हणून. वर्षानुवर्षं न बोललेल्या त्या दोघांना रोज पहाटे एकमेकांच्या दारात उभं राहावं लागायचं. आधी नुसता फाळ टाकून जायचे. मग एक दिवस तात्याबा म्हणाला, "ह्याची धार गेलीया, पाजवून घे." कित्येक वर्षांतलं त्यांचं ते पहिलं बोलणं.

आणि सगळ्यांत आधी उठायची धुरपा. कोंबड्याच्याही आधी पाटलाच्या दारात फाळ घेऊन उभी राहायची आणि हाक मारायची. ती हाक एवढी मोठी की डोंगर चढून माळावर जायची, म्हसोबाच्या लिंबाची पानं हलायची आणि पेंगत आलेला कोंबडा लाजून आरवायचा. असं म्हणतात. पाटील डोळे चोळत बाहेर यायचा, फाळ उलटापालटा करून बघायचा, आणि तसाच आत जायचा. घण रोज रात्री धुरपाच्या घरीच राहायचा. गावात प्रत्येकाची वस्तू कुणीतरी राखत होतं, एक तिची सोडून.

चोर मात्र यायचे थांबले नाहीत. भाद्रपदात ते पुन्हा आले आणि लिंबाखालचे नांगर उचलून घेऊन गेले, पाटलाच्या नांगरासकट. पाटील तणतणत भट्टीवर आला. "चोरी थांबली कुठं?"

धुरपानं कोनाड्यातला फाळ काढून त्याच्या पायाशी टाकला. "ह्यो तुमचा फाळ. लाकूड सुतार दील. आन् चोर आता लाकूड शिजवून खाईल." पाटलानं फाळ उचलून तिच्याच कोनाड्यात परत ठेवला. गेलेल्या नांगरांचे सगळे फाळ असेच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांत सुखरूप राहिले. पण चोर काही सापडला नव्हता आणि खंडेनवमी जवळ येत होती. धुरपा रोज संध्याकाळी ऐरणीभोवतीची माती पायानं दाबून बघायची. उपटायला किती वेळ लागेल, हेच ती बघत असणार.

आता चोरांचं काय झालं ते ऐका. हे चोर कुणी दरोडेखोर नव्हते. डोंगरापलीकडच्या सावरखिंडीचे सरळ शेतकरी होते, म्हाळसाकांताला जाणारे, एकादशी धरणारे. त्यांच्या गावात लोहार नव्हता. फाळ बोथट झाला की तो पाजवणार कोण, म्हणून ते कुसुरवाडीचा धारदार फाळ उचलून न्यायचे, आणि तोही बोथट झाला की दुसरा. आता त्यांच्या अंगणात बिनफाळाच्या नांगरांचा ढीग पडला आणि त्यांचाही वाफसा चालला. चोर झाला तरी शेतकरीच तो. नांगरट खोळंबली की त्याची अक्कलही खोळंबते. आणि त्यांच्या कानावर एक गोष्ट गेली होती. कुसुरवाडीची लोहारीण चोरीच्या लोखंडाचे व्यवहार करते, तिचं गावच तसं म्हणतं. मग तिच्याहून जवळचं माणूस कोण?

म्हणजे पाटलानं चावडीवर घेतलेला आळ डोंगर ओलांडून गेला आणि चोरांना हाताला धरून तिच्या दारात घेऊन आला. सावरखिंडीचा सुभाना नावाचा एक मोठा शेतकरी भरदिवसा गाडीतून नांगर घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "फाळ बसवून पायजे, बाई. बोभाटा नको."

नांगराला फाळ धरून ठेवणारी एक लोखंडी कडी असते. धुरपानं ती बोटानं चाचपली. स्वतःच्या लेकराच्या कानातली बाळी ओळखावी तशी तिनं ती ओळखली. तिला एकदम हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"एकट्या नांगरासाठी भट्टी पेटवायची न्हाई," ती म्हणाली. "कोळसा काय आभाळातनं पडतो? असतील तेवढं समदं घेऊन या उद्याला, दुपारचं."

आणि ते आले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या भरून, कुसुरवाडीचे नांगर, कुळव, जू, पहारी, आणि राखणदाराचं ते घोंगडंसुद्धा, बैलांच्या पाठीवर झूल म्हणून. धुरपानं सगळं उतरवून घेतलं. मग घण उचलला आणि रिकाम्या ऐरणीवर घातला. लोहार रिकाम्या ऐरणीवर घण घालत नाही, अशुभ मानतात. नाथाच्या मरणाच्या दिवशीही तिनं तसं केलं नव्हतं.

तो आवाज झाला आणि तिच्या कोनाड्यातला पाटलाचा फाळ वाजला. मग शेजारच्या घरातला वाजला. मग गल्लीगल्लीतून, फडताळातून, उशाखालून, धान्याच्या कणगीमागून, नांगर गमावलेला एकेक फाळ घणघणायला लागला, देवळातल्या घंटा एकदम हलाव्यात तसा. ज्याच्या घरी असा फाळ होता तो घाबरून, फाळ हातात घेऊन धावत सुटला, आणि सगळे येऊन पोचले ते भट्टीपुढे. असं म्हणतात की तिथे कुणी काही न करता फाळांनी आपापले नांगर ओळखले आणि आपणहून जागेवर जाऊन बसले. मी म्हणत नाही. पण ते नांगर कुणाचे हे त्या दिवशी कुणालाच विचारावं लागलं नाही, एवढं खरं.

लोकांनी सावरखिंडकरांना घेरलं. हैबती पाटील पुढे झाला.

"तुमच्यात लोहार न्हाई व्हय? आं? चोऱ्या करत हिंडता?"

सुभाना मान खाली घालून म्हणाला, "व्हता, पाटील. लई चांगला व्हता. गावात एक कुऱ्हाड हरपली आन् आमी आळ घेतला त्याच्यावर. म्हणलं, लोखंड लोहाराकडंच जायाचं. गेला त्यो रातोरात, बायकापोरं घेऊन. कुऱ्हाड मागनं हिरीत गावली."

पाटलाची नजर आपल्या नांगराला बसलेल्या फाळाकडे गेली. इतक्या पहाटे तो फाळ वेळेवर दारात आला होता, आणि आणणारीला आपण एकदा तरी बरं म्हटलं होतं का, हे पाटलाला आठवेना.

बोलली ती धुरपाच. तिनं आधी सावरखिंडीला शिव्या घातल्या, मग कुसुरवाडीला, मग राखणदाराला, मग म्हसोबालाही सोडलं नाही. सूर्य डोंगराआड जाईतो ती बोलत होती. मग सुभानाला म्हणाली, "तुमचा लोहार असंल तिथनं हुडका आन् पाया पडून आणा. तवर तुमचं फाळ मी पाजवीन. बलुतं सोडायची न्हाई." त्यांनी लोहार शोधला म्हणतात. तो कुठे लांब एका बाजारगावी खिळे ठोकत बसला होता. त्यानं निरोप दिला, चोरांच्या गावात मी नांदत नाही. तो काही परत आला नाही.

खंडेनवमी उजाडली. त्या वर्षी प्रत्येक घरात देवापुढे दुसऱ्याच्या घरचा फाळ होता, आणि बायकांनी त्यालाच हळदकुंकू वाहिलं. धुरपानं घण धुतला, झेंडूचं फूल वाहिलं आणि दाराशी बसली. दिवेलागणीला हैबती पाटील आला. एकटाच, डोक्याला पागोटं, पायात वहाणा नाहीत.

"धुरपाक्का, घण द्या."

"कशापायी?"

"रीत हाय न्हवं. माजा फाळ तुमच्याकडं. तुमचा घण माज्याकडं."

"रीत लागली सरावणात, पाटील."

"व्हय."

"चोरणीचा घण चालंल घरात?"

"देव्हाऱ्यापाशी जागा केलीया," पाटील म्हणाला.

धुरपाला श्रावणापासूनचं किती तरी बोलायचं होतं. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "उजाडायच्या आत आणा. न्हाईतर दारात यिऊन बोलंन." आणि तिनं घण त्याच्या हातात दिला. पाटलानं तो खांद्यावर घेतला, वाकला, सावरला, आणि जवळची गल्ली सोडून चावडीपुढून गेला, जिथे त्यानं तिच्यावर आळ घेतला होता तिथून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या रात्री धुरपाला झोप लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पदर खोचून, तोंड तयार ठेवून दारात उभी राहिली, पण पाटील कोंबडा आरवायच्या आधीच घण घेऊन हजर. तिला शेवटपर्यंत त्यानं बोलायची एकही संधी दिली नाही, आणि या एका गोष्टीचा राग तिच्या मनात कायमचा राहिला, असं म्हणतात.

ती कशी गेली ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं, भट्टीजवळच डोळे मिटले. कुणी म्हणतं, एका संध्याकाळी कुणी तरी शेजाऱ्याचा फाळ वरच विसरला, तेव्हा शिव्या देत ती तो आणायला माळावर चढली आणि अजून उतरलीच नाही. पहाटे माळावर वाऱ्याचा आवाज आला की आमची माणसं अजून म्हणतात, उठा, धुरपा आली.

आता नांगर गेले. माळावर विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, ट्रॅक्टर चढायला लागले. पण संध्याकाळी कुसुरवाडीचा माणूस आपल्या मोटारीचे फ्यूज स्वतः काढत नाही. ते शेजारी काढून नेतो, ज्याच्याशी बांधावरून वाजलंय तोच, आणि पहाटे आणून देतो. ट्रॅक्टरची बॅटरीसुद्धा अशीच फिरते. केबल तेवढी रोज उपटून आणता येत नाही, ती जाते अधूनमधून, आणि ज्याची जाते तो आम्हाला सांगतो, उद्या पुरायचीच होती. आणायला उशीर केला तर दारात उभं राहून धुरपाच्या नावानं मनसोक्त शिव्या घालायचा हक्क आहे, आणि त्या शिव्यांना कुणी उलट उत्तर द्यायचं नाही. आमच्याकडच्या पोरांना पाढे उशिरा येतात, या शिव्या लवकर येतात.

आणि खंडेनवमीला तिचा घण बाहेर निघतो. तो देवळात ठेवत नाहीत आणि पाटलाच्या वाड्यातही नाही. त्या वर्षात गावानं ज्याच्यावर चोरीचा, लबाडीचा आळ घेतला असेल, खरा की खोटा ते न बघता, त्याच्या घरी पाटलाच्या घरातला माणूस घण खांद्यावर घेऊन अनवाणी जातो. चावडीपुढून जातो. दारात उभा राहतो आणि म्हणतो, वर्षभर हा राखता का? यंदा त्यावरूनही वाद झाला, कारण आळ आलेली घरं तीन आणि घण एकच. आमच्या लोकांच्या जिभेला हाड नाही, ते धुरपाच्या वेळीही नव्हतं. पण एवढ्या वर्षांत किती घरं झाली असतील कुणाला ठाऊक, त्यातल्या एकाही घरातून तो घण अजून हरवलेला नाही.